जीवाणूंकडून जांभळा रंग जास्त कसा काढायचा: नागपूरच्या उन्हाळ्यात शिकलेल्या गोष्टी

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या शेकरमधून (फ्लास्क ठरावीक तापमानाला हलवत ठेवणाऱ्या यंत्रातून) बाहेर काढलेले सहाच्या सहा फ्लास्क ताकासारखे पांढरट होते. जानेवारीत याच जीवाणूंनी, याच माध्यमात, दोन दिवसांत पिकल्या जांभळासारखा रंग दिला होता. "मॅडम, रंगच नाही आला ना जी," म्हणत माझी विद्यार्थिनी एकेक फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत राहिली. प्लास्मिड (रंगाची जनुकं वाहून नेणारं डीएनएचं कडं) तेच, अरॅबिनोज (ती जनुकं चालू करणारी साखर) तेच, काम करणारे हातही तेच. मग मी शेकरच्या आत साधा काचेचा थर्मामीटर ठेवला. बाहेरच्या पाटीवर २५ अंश लावलेले होते आणि आत पारा ३९ वर उभा होता. कूलिंग नसलेला शेकर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोली किती असणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

रंग कमी आला की आपण लगेच जास्त ताकदीचा प्रमोटर (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) शोधायला लागतो. मीही दोन वर्षं तेच केलं. आता माझं काम उलट्या बाजूने सुरू होतं: जीवाणू कुठे अडलाय ते आधी शोधायचं आणि तेवढीच गाठ सोडवायची. खालची पद्धत त्याच क्रमाने लिहिली आहे. विदर्भातल्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी ती आहे. घरच्या स्वयंपाकघरात यातलं काहीही करू नका.

कोणता रंग, आणि हाच का

ई. कोलाय या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या जीवाणूकडून रंग बनवून घेण्याची कल्पना नवी नाही. १९८३ साली स्यूडोमोनासमधली नॅफ्थलीन पचवणारी जनुकं ई. कोलायमध्ये घातल्यावर नीळ तयार झाली होती. मी मात्र सुरुवातीला व्हायोलासीन घ्यायला सांगते. हा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलासियम या जीवाणूचा जांभळा रंग. तो कोसा, रेशीम, लोकर यांवर चांगला चढतो. दुसरं कारण शिकवण्याच्या दृष्टीने मोठं आहे: काम कुठे बिघडलं ते डोळ्यांना दिसतं.

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून व्हायोलासीन बनतं. त्यासाठी पाच एन्झाइम लागतात आणि त्यांची जनुकं एका ओळीत बसलेली असतात: व्हायो-ए, बी, सी, डी आणि ई. ए, बी आणि ई मिळून सांगाडा बांधतात, मग डी आणि सी त्याच्यावर ऑक्सिजन बसवतात. डी नसेल तर डीऑक्सिव्हायोलासीन बनतं, ते जरा गुलाबीकडे झुकलेलं जांभळं दिसतं. सी आणि डी दोन्ही अडले तर काळपट हिरवा रंग येतो. म्हणजे फ्लास्क हिरवट दिसला की शेवटच्या पायऱ्या अडल्यात, हे मशीनशिवाय कळतं. एवढ्या सरळपणे बोलणारा दुसरा रंग मला माहीत नाही.

मूळ क्रोमोबॅक्टेरियम विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका. त्याचा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर असतो. त्याची जनुकं निरुपद्रवी के-१२ जातीच्या ई. कोलायमध्ये घालून काम करायचं. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आयजेम या कृत्रिम जीवशास्त्राच्या विद्यार्थी स्पर्धेत रंगीत ई. कोलाय केले होते, त्यांत हा जांभळाही होता. तेव्हापासून ही जनुकं प्लास्मिडवर तयार मिळणं सोपं झालं आहे.

सुरुवात करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवा. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रं आहेत. समिती कागदावरच असेल तर ती आधी बसवून घ्या. यात आमचे चार महिने गेले, पण त्या चार महिन्यांत अल्कोहोलचा राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवानाही मार्गी लागला. अर्क काढायला तो लागतोच.

घर कसलं निवडायचं

जीवाणूची जात निवडताना मी बीडब्ल्यू२५११३ घेते. कारण साधं आहे. आपल्या प्लास्मिडवरची रंगाची जनुकं अरॅबिनोज या साखरेने चालू होतात. बऱ्याच ई. कोलाय जाती ही साखर खाऊन टाकतात, म्हणजे आपण चालू केलेलं बटण जीवाणूच हळूहळू बंद करत जातो. बीडब्ल्यू२५११३ मध्ये अरॅबिनोज पचवणारी जनुकं काढलेली आहेत. शिवाय जपानमधला कीओ संग्रह याच जातीपासून बनला आहे. २००६ मध्ये जाहीर झालेल्या या संग्रहात ३,९८५ जनुकं एकेक करून काढलेल्या जाती आहेत. त्यामुळे आपल्याला हवं ते जनुक नसलेली जात आयती मिळते.

आपल्याला दोन जनुकं जायला हवी आहेत. पहिलं टीएनए-ए. हे ट्रिप्टोफॅन फोडून इंडोल बनवतं. रंगाचा कच्चा माल असा वाटेतच संपतो. दुसरं टीआरपी-आर. पेशीत ट्रिप्टोफॅन पुरेसं झालं की ते बनवणारी जनुकं बंद करणारं कुलूप म्हणजे हे.

टीएनए-ए खरंच गेलं का हे बघायला पीसीआर (जनुकाचा तुकडा शोधणारी चाचणी) कराच, पण त्याआधी बीएस्सीला केलेली इंडोल टेस्ट करा. दोन नळ्या घ्या, एकीत मूळ जात, दुसरीत बदललेली. ट्रिप्टोन पाण्यात रात्रभर वाढवा आणि वरून कोव्हॅक रिएजंटचे थेंब सोडा. मूळ जातीच्या नळीत वर चेरीसारखं लाल कडं येतं, दुसरीत रिएजंट पिवळाच राहतो. आमच्या मुलांनी ही टेस्ट शंभरदा केली असेल, पण ई. कोलाय इंडोल निगेटिव्ह आलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. वर्गात पाठ केलेली गोष्ट आपण स्वतः बदलली आहे, हे त्या पिवळ्या कड्याने त्यांना जसं पटलं तसं माझ्या कुठल्याच लेक्चरने पटलं नसतं.

कीओ जातीत काढलेल्या जनुकाच्या जागी मार्कर, म्हणजे कॅनामायसिन या अँटिबायोटिकचा प्रतिकार देणारं ओळखीचं जनुक, असतो. दोन जनुकं एकाच जातीत काढायची तर पहिला मार्कर आधी काढावा लागतो. त्यासाठी पीसीपी२० नावाचं प्लास्मिड घालतात. ते ३० अंशांवर टिकतं आणि ४२-४३ अंशांवर पेशीतून निघून जातं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पीसीपी२० वर अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या दोन्हींचा प्रतिकार असतो. ते पूर्ण गेल्याची खात्री न करता तुम्ही क्लोरॅम्फेनिकॉलवालं रंगाचं प्लास्मिड घातलंत तर प्लेटवर वाढलेल्या कॉलन्यांतल्या खऱ्या कोणत्या, हे कळणार नाही. दोन, उन्हाळ्यात या प्लेटा टेबलावर ठेवू नका. आमच्या एका मुलाने ट्रान्सफॉर्मेशन करून (म्हणजे पेशींत प्लास्मिड घालून) प्लेटा दुपारभर टेबलावर ठेवल्या आणि जेवायला गेला. बंद खोली, कूलर बंद. टेबलावरच ४२ अंश झाले आणि प्लास्मिड आपोआप निघून गेलं. आठवडाभराचं काम पुन्हा करावं लागलं.

पुढची पायरी ज्यांना जमेल त्यांच्यासाठी. ट्रिप्टोफॅन बनवणारं पहिलं एन्झाइम टीआरपी-ई, त्याला ट्रिप्टोफॅन स्वतःच येऊन थांबवतं. त्याच्या ४० व्या जागेवरचं सेरीन बदलून फिनाइलअॅलनिन केलं की ही रोक सुटते. त्याच्याही आधीच्या पायरीवर एआरओ-जी आहे, त्याला फिनाइलअॅलनिन थांबवतं, आणि त्याच्या १४६ व्या जागेवर बदल केलेलं रूप वापरतात. पण हे सगळं करण्याआधी याची गरज आहे का, हे बघा.

कुठे अडलंय, ते दोन दिवसांत बघा

ही चाचणी अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी ट्रिप्टोफॅनमध्ये होते आणि महिने वाचवते. एकसारखे चार फ्लास्क लावा. दोघांत काही घालू नका. उरलेल्या दोघांत अरॅबिनोज घालतानाच एल-ट्रिप्टोफॅन घाला, लिटरला अर्धा ग्रॅम या हिशेबाने. ४८ तासांनी रंग मोजा.

ट्रिप्टोफॅन घातलेल्यांत रंग ठळक वाढला तर कच्चा माल कमी पडतोय, म्हणून वरचे बदल करण्यात अर्थ आहे. रंग तेवढाच राहिला तर माल भरपूर आहे, कारागीर कमी आहेत किंवा त्यांना हवा मिळत नाही. मग टीआरपी-ईच्या मागे लागून काही मिळणार नाही, एन्झाइमांकडे आणि फ्लास्ककडे बघा. रंग वाढला पण हिरवट झाला तर सी आणि डी मागे पडत आहेत.

ताकदीच्या प्रमोटरबद्दल इथेच सांगते. पाच मोठी एन्झाइमं भरमसाट बनवायला लावली की पेशीची सगळी कमाई त्यातच जाते. अशा वेळी ज्या एखाद्या पेशीचं प्लास्मिड बिघडतं किंवा हरवतं ती हलकी होऊन भराभर वाढते आणि दोन दिवसांत फ्लास्क तिच्याच पोरांनी भरतो. हे बघायला शेवटच्या कल्चरचे डायल्यूशन करून अरॅबिनोज घातलेल्या पण अँटिबायोटिक नसलेल्या प्लेटवर पसरा आणि जांभळ्या व पांढऱ्या कॉलन्या मोजा. पांढऱ्या वाढत असतील तर अरॅबिनोज ०.२ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आणून बघा. आमच्याकडे कमी अरॅबिनोजने रंग जास्त आला. मुलांना ते चुकीचं वाटलं म्हणून त्यांनी तीनदा करून पाहिलं.

थंडावा, हवा आणि कूलरची ओल

आता मुख्य कृती. लुरिया ब्रॉथ घ्या, त्यात अर्धा टक्का ग्लिसरॉल घाला. ग्लुकोज घालू नका. ग्लुकोज असलं की अरॅबिनोजचा प्रमोटर दबून राहतो. क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरच्या वर कल्चर घेऊ नका. ३७ अंशांवर, मिनिटाला १८० ते २०० फेऱ्यांवर, ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणाचं ०.६ रीडिंग येईपर्यंत वाढवा. मग फ्लास्क दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, अरॅबिनोज घाला आणि २२ ते २५ अंशांवर ४८ तास चालू द्या. आधी वाढ, मग रंग. दोन्ही एकदम मागितलंत तर दोन्ही अर्धवट मिळतात.

२२ अंशांसाठी नागपुरात बीओडी इन्क्युबेटर लागतो, कारण त्यालाच कूलिंग असतं. कूलिंगवाला शेकर महाग आहे. आम्ही काय केलं ते सांगते: बीओडीच्या खालच्या कप्प्यात छोटा ऑर्बिटल शेकर ठेवला आणि त्याची वायर मागच्या छिद्रातून काढली. शेकरची मोटर स्वतः गरम होते, म्हणून बीओडी २० वर लावला की फ्लास्कपाशी २३ मिळतात. पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका, फ्लास्कभर पाणी घेऊन त्यात थर्मामीटर बुडवून बघा. हेही नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रंगाचं काम उरका आणि उन्हाळ्यात क्लोनिंग करा. आमचं वेळापत्रक आता असंच आहे.

हवेचं महत्त्व बघायचं असेल तर एक नळी न हलवता स्टँडमध्ये ठेवून द्या. दोन दिवसांनी फक्त वरच्या काठाशी, जिथे पाणी हवेला टेकतं तिथे, बारीक जांभळं कडं दिसेल. खाली सगळं फिकट. ए, सी आणि डी या तिन्ही एन्झाइमांना ऑक्सिजन लागतो. म्हणून फ्लास्कच्या तोंडाला फॉइल घट्ट गुंडाळू नका, कापसाचा बोळा पुरे. रात्री लाइट गेली आणि शेकर तीन तास थांबला तर ती बॅच तुलनेत धरू नका, वहीत तसं लिहून बाजूला ठेवा.

कापसाच्या बोळ्याचा मात्र उन्हाळ्यात एक त्रास आहे. कूलरच्या ओल्या हवेने बोळे दमट होतात आणि काळी बुरशी बोळ्यातून आत उतरते. आमच्या दोन बॅचेस अशाच गेल्या. आता प्लेटिंग सुरू करण्याच्या अर्धा तास आधी कूलर बंद, बोळ्यावर कागदाची सैल टोपी, आणि फ्लास्क कूलरच्या झोतात कधीच नाही. घाम येतो, पण तेवढा वेळ सोसावा लागतो.

संत्र्याच्या सालीचं काय, असं नागपुरात प्रत्येक जण विचारतो. फुकट मिळणारी साखर म्हणून कल्पना मोहात पाडणारी आहे. पण सालीत लिमोनीन असतं आणि ते जीवाणूंना मारक आहे. ते नीट उडवून लावल्याशिवाय साल वापरलीत तर रंग का आला नाही याची कारणं दुप्पट होतील. आधी साध्या माध्यमात आकडे स्थिर करा.

मोजताना होणारी चूक

विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला ही चूक सगळ्यात जास्त सापडते. जीवाणूंची वाढ आपण ६०० नॅनोमीटरला मोजतो. व्हायोलासीन ५७५ च्या आसपास प्रकाश शोषतं आणि त्याची शेपटी ६०० च्या पुढे जाते. म्हणजे रंग आल्यावर ६०० चं रीडिंग वाढीचं राहत नाही, त्यात रंगही मिसळतो. चांगला रंग देणारी जात मग उगाच "जास्त वाढलेली" दिसते आणि पेशीमागे रंग कमी निघतो. अरॅबिनोज घालेपर्यंत ६०० ठीक आहे, त्यानंतर वाढ ७२० नॅनोमीटरला मोजा.

रंग मोजायला एक मिलिलिटर कल्चर १३,००० फेऱ्यांवर पाच मिनिटं फिरवा, वरचं पाणी टाका, पेलेटवर एक मिलिलिटर अल्कोहोल घालून व्होर्टेक्स करा. पुन्हा फिरवा आणि वरचा जांभळा अर्क ५७५ ला वाचा. पेलेट पांढरा झाला पाहिजे, नसेल तर आणखी एकदा अल्कोहोल घाला आणि दोन्ही अर्क एकत्र करा. रीडिंग १ च्या वर असेल तर पातळ करून वाचा. ५७५ चा आकडा भागिले ७२० चा आकडा, हाच जातीजातींची तुलना करायचा आकडा. प्रत्येक जातीचे तीन फ्लास्क, त्याच दिवशी, त्याच शेकरमध्ये.

कोसा रेशमावर चढवणं

माझे वडील एम्प्रेस मिलच्या रंगखात्यात होते. पहिला अर्क बाटलीत भरून मी त्यांना दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी बाटली हातात घेतलीच नाही. "धुतल्यावर राहते का ते सांग," एवढंच म्हणाले. म्हणून ही शेवटची पायरी सोडू नका.

पाच ग्रॅम कोशाच्या लडीला अर्धा लिटर कल्चर घ्या. पेशी खाली बसवा, ५० मिलिलिटर अल्कोहोलने दोनदा-तीनदा अर्क काढा. अर्क ०.२२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. नायलॉनचा फिल्टर नको, नायलॉनला हा रंग चढतो आणि तुमचा माल फिल्टरवरच अडकतो. गाळलेल्या अर्कातला थोडा भाग प्लेटवर पसरून बघा. काहीच वाढलं नाही तरच पुढे जा. उरलेल्या पेशी, प्लेटा, टिपा सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह.

लड साबण-सोड्यात उकळून मऊ केलेली आणि ओली असावी. एक भाग अर्क, चार भाग पाणी, ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाऊण तास, मधूनमधून हलवत. बर्नर नाही, शेगडी नाही. अल्कोहोलची वाफ पेट घेते. कोशाला तुरटी लागत नाही. व्हायोलासीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी घातल्यावर ते द्रावणात राहण्यापेक्षा धाग्याकडे धावतं, आणि पंधरा मिनिटांत पाणी फिकं व लड गडद होताना समोर दिसतं. सुतावर तसा चढत नाही, तिथे पळस आणि मंजिष्ठाच बऱ्या.

नंतर लड तीन भागांत कापा. एक भाग साबणाने पाच वेळा धुवा. एक वहीत चिकटवा. तिसऱ्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि सात दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. आमच्या लडीचा धुतलेला भाग जवळजवळ तसाच राहिला. उन्हातला उघडा अर्धा मात्र राखाडी झाला आणि कागदाखालचा जांभळा राहिला, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. उन्हापुढे हा रंग टिकत नाही आणि जीवाणूत कितीही बदल केले तरी रंगाचा रेणू तोच राहतो. भंडाऱ्याकडचे एक विणकर काका ती पट्टी बघून म्हणाले, "मॅडम, उपरण्याच्या आतल्या बाजूला टाकू. तिथं ऊन कुठं लागते?" त्यांना दिलेल्या दोन लडींवर आम्ही तारीख, जातीचा नंबर आणि ५७५ भागिले ७२० चा आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधून दिली. तशीच चिठ्ठी वहीतल्या तुकड्यालाही लावा, म्हणजे वर्षभराने तुकडा कितपत उतरला हे डोळ्यांनी ठरवता येईल.